पार्ट यायचाय

बुधवारी सकाळी इर्मा लाहतीने कॉम्प्युटर उघडला तर तिच्या दुकानात शुकशुकाट. दुकान म्हणजे काही खरं दुकान नव्हे, इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारातलं तिचं एक पान. आदल्या दिवशी तिथे चौदा वस्तू होत्या. आज तीन उरल्या होत्या, मासे पकडायच्या गळाची दोन रिळं आणि एक कंदील. बाकी अकरांच्या जागी एकच मजकूर होता, की बंदुकीचे सुटे भाग आणि तत्सम सामान यापुढे इथे विकता येणार नाही. खाली तिचे आभार मानले होते.

आभार वाचून तिचं डोकं जास्त फिरलं. नियम तिला नवे नव्हते. ओटर लेक या गावाच्या टपाल कचेरीत तिने एकतीस वर्षं खिडकीमागे काढली होती आणि हजार नियम लोकांना ऐकवले होते. पण नियम सांगणाऱ्याने समोर उभं राहावं आणि शिव्या खाव्यात, एवढी रीत तरी पाळायला हवी, असं तिचं म्हणणं. तिने स्वतः एकतीस वर्षं खाल्ल्या होत्या.

तिचा नवरा रेनो एप्रिलमध्ये गेला. चाळीसच्या वर वर्षं तो घरामागच्या गॅरेजमध्ये लोकांच्या बंदुका दुरुस्त करायचा. मागे राहिल्या त्या स्प्रिंगा, स्क्रू, अक्रोडाच्या लाकडाचे अर्धवट घासलेले दस्ते आणि बंदुकांचे सुटे अवयव, डबेच्या डबे. जूनपासून इर्मा ते एकेक करून विकत होती. चर्चच्या जुन्या पत्रकांत गुंडाळून, खोक्याला दोनदा चिकटपट्टी लावून ती पार्सलं पाठवायची. आयडाहोतल्या एकाने लिहिलं होतं, तुमच्या स्प्रिंगमुळे आजोबांची बंदूक तीस वर्षांनी बोलली. ते पत्र तिने फ्रिजवर लावलं होतं.

दहा वाजता समोरचा वेस निएमी नेहमीप्रमाणे कॉफीला आला. वय शहात्तर, बायको हेलन जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली, आणि तोंडाला लगाम नाही.

"अगं, नावं बदल की," त्याने सगळं ऐकून घेऊन सांगितलं. "सगळे तेच करतात. बंदुकीची स्प्रिंग म्हणू नकोस, जुन्या यंत्राची म्हण. दस्त्याला शोभेचं लाकूड म्हण. माझ्या मेहुण्याने बंदुकीचा घोडा भिंतीवरच्या घड्याळाचा भाग म्हणून विकला."

"आणि घेणाऱ्याने तो खरंच घड्याळात बसवला तर?"

"तर बाराच्या ठोक्याला सगळे जमिनीवर आडवे!"

"मी खोटं लिहिणार नाही, वेस."

"खोटं कुठे? अर्धं खरं."

"अर्ध्या तिकिटाचं पत्र परत येतं. मी रोज शिक्के मारून परत पाठवलीत."

वेस हसला. पण इर्माचा राग काही उतरेना. तिकडे कॅलिफोर्नियात बसून बाजार चालवणाऱ्यांना काय माहीत, इथे नोव्हेंबरात हरीण मारलं की मेपर्यंत घरात मांस असतं, असं ती तावातावाने बोलत राहिली. खरं तर ती काही आंधळी नव्हती. शाळेतल्या गोळीबाराची बातमी लागली की ती टीव्ही बंद करायची आणि नळ सोडून उगीच धुतलेले कप पुन्हा धुवायची. कुठेतरी कुणीतरी असेच सुटे भाग जमवून भलतंच काही उभं करत असेल, हेही तिला कळत होतं. फक्त त्यात आपल्या स्प्रिंगांचा काय दोष, ते तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. ड्वेन हाउताला. त्रेपन्न वर्षांचा बाप्या, पण लहानपणी रविवारच्या शाळेत तिच्या हाताखाली होता, म्हणून अजून तिला मिसेस लाहतीच म्हणायचा.

"मिसेस लाहती, सोमवारी तुम्ही पानावर एक बोल्ट लावला होता. मुठीवर आकडा आहे, ४४१७."

"असेल बाबा. कॉफीच्या डब्यातले पाच लावले होते. आज सगळे उडवले त्या लोकांनी."

"विकला गेला नाही ना?"

"नाही. डब्यात आहे."

"तो माझ्या रायफलचा आहे. मी उद्या येतो. तीन वाजता. तोपर्यंत कुणाला देऊ नका."

"ये की! तुझंच आहे तर घेऊन जा," इर्मा म्हणाली आणि फोन ठेवून वेसला म्हणाली, "बघ. आपल्या गावातलंच गिऱ्हाईक. त्यांच्या बाजाराची गरजच काय?"

"शनिवारी पंधरा तारीख ना," वेस म्हणाला. "त्याची घाई आहे त्याला."

पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी शाळांना सुट्टी असते, आणि लग्न किंवा ऑपरेशन ठरवायची कुणाची छाती होत नाही. इर्माला ते पटलं. तिने डबा स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि वेसला दुसरा कप ओतला.

वेस गेल्यावर अर्ध्या तासात दारात पिकअप थांबला. ड्वेनची बायको लॉर्ना कोटाची बटणं न लावताच आत आली. ती बसली नाही.

"त्याने तुला फोन केला ना? मी जिन्यात होते. काय म्हणाला?"

"त्याचा बोल्ट न्यायला उद्या येतोय."

लॉर्नाने खुर्चीची पाठ धरली. "देऊ नकोस. इर्मा, तुझ्या पाया पडते, देऊ नकोस."

बोल्ट म्हणजे रायफलमध्ये मागेपुढे सरकणारा मुठीचा दांडा. तो काढला की उरते ती नुसती काठी. हे इर्माला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते लॉर्नाने तिला उभ्या उभ्या सांगितलं.

फेब्रुवारीत ड्वेनचा लाकडं वाहून नेणारा ट्रक बर्फावरून घसरला होता आणि समोरच्या गाडीतली तेवीस वर्षांची नर्स जागच्या जागी गेली होती. एवढं साऱ्या गावाला ठाऊक होतं. तुझा दोष नाही, असं पोलिसांनी लिहून दिलं. तो कागद त्याने उघडलासुद्धा नाही. तो ट्रकवर परत चढला नाही, मग जेवायला यायचा बंद झाला, मग तासन् तास गॅरेजमध्ये दिवा न लावता बसायला लागला. एका सकाळी लॉर्ना आत गेली तेव्हा त्याच्या मांडीवर रायफल होती. साफ करतोय, म्हणाला. जवळ ना तेल होतं, ना चिंधी.

"छर्‍यांची बंदूक मी भावाकडे पाठवली. रायफल त्याच्या आजोबांची, ती कशी हलवू? मग मी म्हटलं, ही अडकते, रेनोला दाखवून आणते. रेनोने मला एक शब्द विचारला नाही. बोल्ट काढला, रायफल परत दिली आणि म्हणाला, ड्वेनला सांग, पार्ट कारखान्यातून यायचाय, वेळ लागेल. किती, म्हटलं. तर म्हणाला, लागेल तेवढा."

इर्मा डब्याकडे बघत राहिली. प्रत्येक बोल्टला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर दोन अक्षरं आणि महिना, बस. मोडीत काढलेल्या बंदुकांचे असतील, अशी तिची समजूत होती.

"हे सगळे...?"

"सगळे. कुणाचं माणूस गेलं, कुणाची नोकरी. माणूस सावरला की पार्ट यायचा."

"गावात कुणाकुणाला माहीत होतं?"

"बायकांना. जवळजवळ सगळ्या बायकांना."

"आणि मी कोण? पोस्टातला खांब?"

लॉर्ना कोटाची बटणं लावू लागली.

"बोल ना. काय म्हणायचा तो?"

"इर्माच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणायचा."

ते खरं होतं. कुणाला कुठून पत्र आलं, ते माणसाच्या हातात पत्र पडायच्या आधी तिने तीन जणांना सांगितलेलं असायचं. तरी तिला फार लागलं. बेचाळीस वर्षं एका अंथरुणात झोपलेल्या माणसाने एवढी मोठी गोष्ट आपल्यापासून लपवली, आणि आपण त्याच्या चांगुलपणाचे सुटे भाग करून टेक्सासला विकत बसलो.

कारण उन्हाळ्यात तिने त्या डब्यातले दोन बोल्ट विकले होते. एक टेक्सासला, एक मोंटानाला. चिठ्ठ्या काढून चुलीत टाकल्या होत्या. कुणाचे होते ते आता कधीच कळणार नव्हतं. आणि उरलेले पाचही एव्हाना कुठल्या कुठे गेले असते. ज्यांना ती सकाळपासून लाखोली वाहत होती त्या लोकांनी तिला थांबवलं होतं, आणि आपण काय थांबवलं याचा त्यांना पत्ताही नव्हता. इर्माला त्यांचे आभार मानवेनात आणि शिव्याही देववेनात.

"सांग, विकला गेला. ॲरिझोनाला गेला म्हण," लॉर्ना म्हणाली.

"त्याला फोनवर सांगितलंय मी, डब्यात आहे म्हणून."

"मग म्हण, चूक झाली. दुसराच आकडा होता."

"आणि बोल्ट नाही मिळाला म्हणून तो थांबणार आहे का? हँकॉकच्या दुकानात भिंतभर नव्या रायफली टांगल्यात. वीस मैल."

"मला ठाऊक आहे गं!" लॉर्नाचा आवाज फाटला. "आठ महिने मी रोज तेच मोजते. गाडी आहे, पैसे आहेत, रस्ता आहे. तो गेला नाही. का गेला नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही. उगीच आठवण करून दिल्यासारखं होईल."

ती गेल्यावर इर्मा आरशासमोर उभी राहिली आणि 'ॲरिझोनाला गेला' हे वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं. चारही वेळा तिचे कान लाल झाले. रेनो हेच खोटं आयुष्यभर इतक्या सहज कसं बोलला असेल? बंदुकांबद्दल त्याला दहा शब्दांवर बोलायला लावणं मुश्किल, आणि खोटं मात्र असं, की कुणाला संशय नाही.

दुपारी ती रस्ता ओलांडून वेसकडे गेली. तो लाकडं रचत होता.

"वेस, तुझ्या बंदुकीचा कधी पार्ट अडकला होता का रे?"

"अडकला होता म्हणजे? हेलन गेली त्या हिवाळ्यात! रायफल अगदी ठणठणीत होती, पण थोरली म्हणाली, बाबा, हिचा आवाज वेगळा येतोय, रेनोकाकांना दाखवते. झालं! ओहायोहून पार्ट यायला सहा महिने. सहा! मी त्या कंपनीला दोन पत्रं लिहिली, गधड्यांनो, घोडागाडीवरून पाठवता का म्हणून. उत्तर आलं, आमच्याकडे तुमची मागणीच नाही. मी रेनोला दाखवलं, तर तो म्हणतो, कंपन्या असंच बोलतात. मग मेमध्ये..."

वेसच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

"मेमध्ये मी बागेत बटाटे लावत होतो. रेनो कुंपणापाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, काय वेस, बटाटे? म्हटलं, हो, यंदा जरा जास्तच लावतोय. दुसऱ्या दिवशी पार्ट आला."

वेसने लाकूड रचलं, मग उगीच ते काढून पुन्हा नीट रचलं.

"थोरली कधी बोलली नाही," तो म्हणाला आणि घरात निघून गेला. पाठीमागे दार लावलं, हे त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

गुरुवारी तिने सकाळीच निसू भाजायला घेतला. वेलदोडा घातलेला गोड पाव, वेणी घालून. हात कामात असले की डोकं चालतं. देऊ नये, तर वस्तू त्याची. बाजाराने काढून टाकली तरी त्याचीच, डब्यात असली तरी त्याचीच. कुठल्या हक्काने ठेवायची? रेनोकडे हक्क कुठला होता? त्याच्याकडे फक्त माणसाकडे बघत राहायचा धीर होता. बटाटे लावेपर्यंत. इर्माला तर केक भट्टीत फुगेपर्यंतही धीर नसायचा.

बरोबर तीनला ड्वेन आला. बूट दारात काढले, टोपी हातात घेतली, अगदी रविवारच्या शाळेत यायचा तसा. अंगाने निम्मा झाला होता. इर्माने त्याला टेबलाशी बसवलं, कॉफी ओतली, पाव कापला. डबा मुद्दाम कपाटावर ठेवला होता. त्याने आल्या आल्या तिकडेच पाहिलं.

"ड्वेन," तिने सुरुवात केली, "तो बोल्ट... ॲरिझोनाला..."

कान लाल झाले. त्याने तिच्याकडे मान वर करून पाहिलं, आणि तिला ते पुढचं एका शब्दाचं खोटं काही केल्या उचलवेना.

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "मला नाही जमत. तो बोल्ट वर आहे. तुझा आहे. मार्चमध्ये लॉर्नाने रेनोकडे दिला, कारण तिला भीती वाटली तू स्वतःला काही करून घेशील. पार्टबिर्ट काही यायचा नव्हता. आणि मी तो आज तुला देणार नाही. पोलिसांना बोलाव हवं तर. उद्याही ये, परवाही ये, रोज ये. मी रोज तुझ्या तोंडाकडे बघीन, आणि रोज नाहीच म्हणेन. रेनोसारखं सहज खोटं बोलणं मला येत नाही. मला तू जिवंत हवा आहेस, एवढंच."

आता तो उठेल, टेबल उलथवेल, कपाटाकडे जाईल, असं तिला वाटलं. तीही त्याच्यासमोर बसली.

ड्वेन टोपी फिरवत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पार्टचं. माझ्या बापाचाही बोल्ट एका हिवाळ्यात इथेच होता. खाण बंद पडली तेव्हा. मी बारा वर्षांचा होतो, पण आई कुजबुजायची ते ऐकू यायचं." तो घोटभर कॉफी प्याला. "लॉर्ना रायफल घेऊन निघाली तेव्हाच कळलं. खिडकीतून बघत होतो. तिला थांबवलं नाही. वाटलं, ठीक आहे. रेनोकडे आहे. तिथे आहे तोवर... मला रोज ठरवावं लागणार नाही."

इर्माने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"मग रेनो गेला. दफनानंतरच्या जेवणाला मी तुम्हाला विचारलं होतं, माझा पार्ट आला का? तुम्ही म्हणालात, कसला पार्ट? तेव्हा समजलं, तुम्हाला काहीच माहीत नाही. जूनमध्ये तुम्ही सामान विकायला काढलंत. तेव्हापासून रोज तुमचं पान उघडतो. आज नाही ना लागला, बघतो आणि बंद करतो. सोमवारी उघडलं तर फोटो. ४४१७."

"तेव्हाच का नाही फोन केलास?"

"काय सांगणार होतो? की माझाच आहे, पण मला नको?" त्याने कप खाली ठेवला. "दोन दिवस मी नुसता ते पान बघत बसलो होतो. कुणी घेतला तर? कुणीच सांभाळणारं उरलं नाही तर? काल सकाळी तो पानावरून गायब दिसला, तेव्हा राहवलं नाही, फोन केला. मला भीती वाटली, मिसेस लाहती. त्या मुलीच्या गाडीनंतर मला कसलीच भीती वाटली नव्हती. काहीच वाटत नव्हतं. सोमवारी मी एवढा घाबरलो की बाथरूममध्ये जाऊन ओकलो. आणि मग वाटलं, हा घाबरतोय तो कोण? म्हणजे कुणीतरी आहे आत अजून."

इर्माच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"मी न्यायला नाही आलो," तो म्हणाला. "ठेवा म्हणून सांगायला आलोय."

"ठेवते," ती म्हणाली. "कधीपर्यंत?"

"माहीत नाही."

"बरं."

थोडा वेळ दोघं निसू खात बसली. बाहेर शेजारच्या घरी कुणीतरी शनिवारसाठी तंबूचं सामान गाडीत चढवत होतं.

"शनिवारी पहाटे काय करणार आहेस?" इर्माने विचारलं.

"पडून राहीन."

"पडून राहायचं नाही. सगळे रानात जातील त्या वेळेला एकट्याने छताकडे बघत बसू नकोस. पाचला इथे ये. गॅरेजमधली कपाटं हलवायचीत. वेसलाही बोलावते, त्याचाही यंदा शिकारीचा मूड दिसत नाही."

"येईन." तो उठायला लागला, मग पुन्हा बसला. "लॉर्नाला काय सांगू? तिला वाटतंय मी न्यायला आलोय. सकाळपासून एक शब्द बोललेली नाही."

"आत्ता मला सांगितलंस तेच सांग."

"सगळं? घाबरेल ती."

"आठ महिने घाबरतेच आहे रे ती, तिकडे जिन्यात एकटी, आणि तू इकडे एकटा. आता निदान दोघं मिळून घाबरा."

इर्माने टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला आणि ताटल्या उचलून मुद्दाम नळाकडे तोंड केलं. त्याने आकडे दाबले. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत लॉर्नाने फोन उचलला.